देव्हाऱ्यातला ग्लास

सुनेनं काल लाल वाईन उघडली. त्या आंबूस वासानं मला परदेशातला, बुकित पंजांगचा आमचा जुना फ्लॅट आठवला. तिथं एकदा मुलाचा चिनी साहेब जेवायला आला होता. मुलाचा कामाचा पास, म्हणजे तिथं नोकरी करायचा परवाना, वाढवायला त्याचीच शिफारस हवी होती. त्यानं फ्रान्समधल्या, राजेशाहीच्या काळापासूनच्या द्राक्षमळ्यातली लाल वाईनची बाटली आणली. नवी वस्तू म्हणून मी तिला हळदकुंकू लावलं, लेबलावरच्या मळ्याच्या चित्रावरच.

"आई, एवढी भारी बाटली खराब केलीस!" मुलगा पांढराफटक पडला.

साहेब कुंकवाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आम्हीही आधी वाडवडिलांना देतो." आणि पहिला ग्लास त्यानं सरळ आमच्या देव्हाऱ्यात ठेवला.

आता घाम मला फुटला. देवापुढे दारू! मुलगा डोळ्यांनी विनवत होता. मी हात जोडले.

पास वाढला. तेव्हा वाटलं होतं, देव कोपेल. आता वाटतं, त्या संध्याकाळी घरात निवांत असा देव एकटाच होता.