न घेतलेल्या मोबाईलचा हप्ता

गोव्यातल्या साखळी गावच्या बँकेतल्या बाईने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पुण्यातल्या कुठल्याशा दुकानातून मी मोबाईल हप्त्यावर घेतला होता म्हणे, आणि हप्ते बुडवले होते. मुलीच्या नर्सिंगच्या कर्जाला माझी सही लागणार होती. ही नोंद असेपर्यंत ती चालणार नव्हती, आणि फी भरायला तीन महिने उरले होते.

मी सातवीत शाळा सोडलेली. नवरा वारल्यावर वैभववाडीकडच्या गावातून मुलीला घेऊन इथे आले. कारापूरला एका काकींच्या मागच्या खोलीत राहते, जेवणाचे डबे करते. पुणं पाहिलंय ते एकदाच, तेही एसटीच्या खिडकीतून. बाईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग एक हप्ता तुमच्याच खात्यातून कसा गेला?"

तो मीच भरला होता.

त्याचं असं झालं. आदल्या वर्षी वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले. मी सांगायचे, बाबा, मी काही घेतलं नाही. तो म्हणायचा, आधार तुमचंच आहे. आता आधारची झेरॉक्स मी सिमकार्डाला दिली, गॅसला दिली, कुठे कुठे दिली, आठवत पण नाही. मग त्याने कुठून तरी काकींचा नंबर काढला आणि घरी येईन म्हणून त्यांना धमकावलं. काकींच्या दारात आजवर कधी वसुलीवाला आला नव्हता. त्यांनी मला अंगणात बोलावून सांगितलं, एक हप्ता दी गो आणि मोकळी हो, चार माणसांत नाव गेलं की परत येत नाही. ज्या बाईने पहिले दोन महिने भाडं मागितलं नाही, तिला नाही कसं म्हणणार? भरला. फोन थांबले. मला वाटलं, मिटलं.

मिटलं कसलं! दुसऱ्याचं कर्ज मी माझ्या हातांनी माझं करून घेतलं होतं.

मग सुरू झाली वणवण. बँक म्हणाली, सगळ्यांच्या कर्जांची माहिती ठेवणारी कंपनी असते, तिथे तक्रार करा. त्यांचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो हे तेव्हा कळलं. मुलीने ऑनलाइन तक्रार घातली. महिन्याने उत्तर आलं, कर्ज देणाऱ्याला विचारलं, तो म्हणतो नोंद बरोबर आहे. कर्ज देणाऱ्याला फोन लावावा तर एक दाबा, दोन दाबा, मग गाणं, मग एक पोरगी विचारते, लोन नंबर सांगा. अगं, कर्जच माझं नाही तर नंबर कुठून आणू? पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, आणि वर विचारलं, पण हप्ता का भरलात? जो तो तेच विचारी. भीतीपोटी माणूस पैसे देतो, हे यांच्यातल्या एकालाही ठाऊक नसेल?

शेवटी बँकेतल्या त्या बाईनेच वाट दाखवली, तिचे उपकार आहेत. म्हणाली, कर्ज देणाऱ्याकडून अर्जाची प्रत लेखी मागा, हप्ता का भरला ते लिहा, साक्षीदाराची सही घ्या. प्रत आली. आधार माझं, फोटो भलत्याच बाईचा, सही झोकदार इंग्रजीत. साक्ष मात्र एकट्या काकीच देऊ शकत होत्या.

दोन दिवस तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी सांगितलं. काकी म्हणाल्या, "फी किती ती सांग. मी भरते. कचेऱ्यांचे उंबरे कित्याक झिजवतेस?"

पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. त्यांच्यापुढे असं बोलू नये, पण बोलले, "काकी, मागच्या वेळी मिटवलं म्हणून तर हे झालं. पैसे नकोत. सही द्या."

"म्हणजे मी चुकले असं लिहून देऊ?"

"होय."

त्यांनी चष्मा मागितला. कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, त्या मेल्याने मलासुद्धा घाबरवलं होतं, ते पण घाल. मी घातलं. मग त्यांनी सही केली. मुलीने सगळे कागद जोडून पुन्हा तक्रार घातली.

अशा तक्रारीला तीस दिवसांची मुदत असते. अठ्ठाविसाव्या दिवशी नोंद काढल्याचा मेसेज आला. चूक झाली, असा एक शब्द त्यात नव्हता, आणि मी वेडी उत्तरात आभार लिहायला बसले होते. मुलीने फोन हातातून काढून घेतला.

कर्ज मंजूर होऊन फी भरली, तेव्हा फीची मुदत संपायला चार दिवस होते.