बंपरला बांधलेले लिंबू

वाळलेल्या तुरीचा वास आला की मला निंबर्ग्याच्या रस्त्यावरचा तो अपघात आठवतो, आणि त्याविषयी गावभर सांगितली जाणारी खोटी कथाही. अमेरिकन कंपनीची आमची ती छोटी गाडी स्वस्त होती. तेवढ्याच पैशांत दमदार इंजिन मिळत होते किंवा एअरबॅगा. मी एअरबॅगा निवडल्या. मुलगा हसला, "अप्पा, चढावर गाडी रांगल की! फुगे कामून घ्यायलाव?" अपघाताच्या त्या दुपारी वाहनांखाली मळणी व्हावी म्हणून शेतकऱ्यांनी रस्त्यावर तूर पसरली होती. मी ब्रेक दाबला, चाके तुराट्यांवरून घसरली आणि गाडी बाभळीवर आदळली. दोन्ही फुगे उघडले. पांढऱ्या धुळीत शेजारी पत्नी खोकत होती, पण तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता. "बंपरच्या लिंबानं वाचिवलं बगा," ती म्हणाली, आणि गावाने तेच उचलले. आज मुलाने नव्या गाडीलाही लिंबू बांधले. बांधू दे. त्या दिवशी खाली उतरून मी स्वतः पाहिले होते: लिंबू बुंध्याशी चेपून पडले होते. ज्याला स्वतःला वाचता आले नाही, त्याला माझ्या निवडीचे श्रेय मी देणार नाही.