व्याह्यांच्या शनिवारावर बंदी

संक्रांतीचा दुसरा दिवस : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, लठ्ठपणावर उपचार करणाऱ्या विभागात, आमच्या व्याह्यांचे नाव नोंदले गेले. उगादी, म्हणजे आपला पाडवा : वजनात तिळमात्र उतार नाही. नागपंचमीनंतरचा शनिवार : व्याह्यांना माझ्या घरी येण्यास बंदी. या तीन घटनांना मी अनुक्रमे विभागप्रमुख, माझी पत्नी आणि त्या विभागातील आहारतज्ज्ञ बाई यांना जबाबदार धरतो. व्याह्यांना मी आरोपी करीत नाही. कारण त्यांच्याइतका निरागस गुन्हेगार साऱ्या हैदराबादेत सापडायचा नाही.

माझ्या मुलीचे हे सासरे रेल्वेतून निवृत्त होऊन मलकपेठेत राहतात. झोपेत त्यांचा श्वास अडकतो आणि वजन उतरले नाही तर एखाद्या रात्री तो परत सुरू व्हायचा नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. दुसरा कोणी हादरला असता. व्याही उत्साहाने पेटले! दर शनिवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून, लग्नाला निघाल्यासारखे रुग्णालयात जात. काट्यावर कोणा अनोळखी बाईचे वजन घटलेले दिसले, की टाळ्या वाजवीत. स्वतः चढताना घड्याळ, पट्टा, चष्मा उतरवीत. एकदा तर त्यांनी कवळीही काढून परिचारिकेच्या हाती दिली आणि मग तिने नाव विचारले तेव्हा त्यांना ते धड सांगता येईना. घरी पथ्य असे कडक, की पोळीला तुपाचे बोट लागले तरी ताट परत.

मात्र तपासणी आटोपली, की ते थेट विद्यानगरला माझ्याकडे येत. वरपक्षाचे व्याही दारात आले असता त्यांना दुधी वाढणे आमच्या घराण्यात अशक्य. पुरणपोळी, कटाची आमटी, वर खुबानीचे, म्हणजे जर्दाळूचे, गोड. ‘‘व्याहीबुवा, अर्धी तरी!’’ म्हणून पत्नी आग्रह करी. ते ताटावर हात आडवा धरीत, पण बोटे फाकवून. आणि त्या फटींतून तूप बिनतक्रार खाली उतरे.

अखेर आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना पकडले. मी शेजारीच बसलो होतो.

‘‘अंकल, घर में इत्ता परहेज, फिर वजन कायकू नै उतर रा? बाहर खारें क्या?’’

‘‘नक्को अम्मा, बाहर कुच नै.’’

‘‘शनिवार को दोपहर में?’’

‘‘समधी के घर. वो खाना थोडीच है? वो तो मान है!’’

‘‘मान में घी कित्ता रहता, अंकल?’’

मी ताडकन उठलो. उभा जन्म वकिलीत गेलेला. ‘‘आग्रहाने वाढलेला घास खाणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध असतो, त्याचा दोष खाणाऱ्यावर टाकता येत नाही,’’ असे मी त्यांना हिंदीत ठणकावले.

‘‘तो आप पे डालतूं, साब,’’ बाई शांतपणे म्हणाल्या, आणि वजन पुरते उतरेपर्यंत समधीचे, म्हणजे माझे, घर वर्ज्य, असा हुकूम सोडून मोकळ्या झाल्या.

आणि वजन उतरू लागले! परवा मुलीचा फोन आला. ‘‘बाबा, काल मामंजी घोरलेच नाहीत! मीच घाबरून श्वास बघायला गेले. शांत झोपले होते हो!’’ मी आनंदाने घरभर फिरलो. नंतर संतापलो. रुग्णालयाच्या अधीक्षकांना पत्र लिहिले, महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना लिहिले, पोचही नाही. माझे म्हणणे उपचाराविरुद्ध नाहीच. बंदी पुरणाला घालायची होती. ती माणसाला कोणत्या अधिकाराने घातली?

त्यांच्या देहाला पुरेल अशी बिनहाताची रुंद खुर्ची मी खास करवून घेतली होती. शनिवारी ती मोकळी असते. भर जेवणाच्या वेळी त्यांचा फोन येतो : ‘‘व्याहीबुवा, आज काय केलंय? नुसतं सांगा हो, ऐकायला बंदी नाही.’’ मी ‘‘दुधी’’ म्हणतो. हल्ली ते खरेही असते. पुरण घाटायला पत्नीला हुरूप उरलेला नाही.

म्हणून माझी जाहीर मागणी : येत्या शनिवारी सर्व रुग्णांसमक्ष आहारतज्ज्ञ बाईंनी उत्तर द्यावे. पेलाभर पातळ ताकावर आमचे व्याही माझ्याकडे तासभर बसले, तर वैद्यकशास्त्राचे काय बिघडते? आग्रह होणार नाही, हे पत्नी आणि मी दोघेही सहीनिशी लिहून देतो. त्यांनी ताकावर हात आडवा धरला, तर आम्ही मुकाट भांडे खाली ठेवू. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात चालेल. खुर्ची मी पुसून ठेवली आहे.