कुलपातला पृथ्वीगोल

परवा शिपायानं शाळेच्या कपाटात डांबरगोळ्या टाकल्या आणि त्या वासानं मला नव्वदच्या दशकात, उचगावकडच्या माझ्या नोकरीतल्या पहिल्या शाळेत नेलं. सरकारकडून आलेला पृथ्वीगोल तिथं प्लॅस्टिकसकट, डांबरगोळ्या टाकलेल्या कपाटात, कुलपात होता. मी तो वर्गात नेला, तसे मुख्याध्यापक ओरडले, “बाई, फुटला तर तपासणीला काय दाखवायचं?”

“शिकलेली पोरं दाखवू की!” मी म्हटलं.

कोल्हापूर शोधणाऱ्या पोरांच्या बोटांनी वर्षभरात तिथला रंग पार उडाला. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. मुख्याध्यापकच छाती काढून पुढं झाले, “वापरलाय, सायेब. कोल्हापूर हाय तिथं.”

आता मुख्याध्यापिका मी आहे. आमच्या कपाटाची किल्ली कुठं असते, मला खरंच माहीत नाही.