जतच्या टोपलीतला चतकोर

पाळकबाई म्हणाल्या, "काकी, तुम्ही जतला जाऊन आलात, आता आपल्या बायकांच्या वहीत लिहा. पुढच्या उन्हाळ्यात चौघीजणी जायचं म्हणतायत, त्यांना वाट कळेल." माझं शिक्षण शुभवर्तमान वाचण्यापुरतं, तेही पन्नाशीला टेकल्यावर झालेलं. बाई म्हणाल्या, बोलता तसं लिहा. वही घरोघर फिरते, म्हणजे सगळ्याच वाचणार. वाचा बापडे.

मला नात झाली, हे खरं तर आधी सांगायला पाहिजे होतं. माझी सुशीला जतला असते, जावई तिथल्या शाळेत मास्तर. बाळंतपणाला मी जायची होते, पण नेमकी हिवतापानं अंथरुणाला खिळले. मग जावयाचं कार्ड आलं. मुलगी झाली, दोघी खुशाल, आणि खाली एक ओळ: "सरूमावशींनी बाळंतपण केलं, महिनाभर त्याच रांधून घालतात. बाप्तिस्म्याला या." नातीच्या आनंदानं मी कार्ड शेजारणीला चारदा वाचून दाखवलं. ती खालची ओळ मात्र चारही वेळा गाळली. का गाळली ते सांगते, आधी गाडीत बसू द्या.

उंब्रजहून कराडची पहिली मोटार धरायची. नंतरची धरली की रेल्वे चुकते. स्टेशन कराड गावापासून लांब आहे, टांगेवाला आठ आणे सांगतो, पाच आण्यांत येतो, फक्त पाठ फिरवून दोन पावलं चालायचं. कराड ते मिरज गाडीत बसायला जागा मिळाली नाही तर ट्रंकेवर बसा. मी ट्रंकेवरच बसले. शेजारी वाईकडची एक बाई मुलाला सांगलीला शाळेत घालायला निघाली होती. तिनं विचारलं, "तुमी कुनीकडं, आजी?" म्हटलं, नातीकडं. "मग डब्यात लाडू असतील." होते. तिथंच चार संपले. कंट्रोलच्या साखरेचे, जपून केलेले, पण नातीच्या नावाचे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?

आता सरूचं. नव्या मुलींना ती माहीत नसेल. वीस वर्षांमागं ती आणि तिचा नवरा आपल्या मंडळीत आले. गावकुसाबाहेर दोन वाडे असतात हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्या दोन वाड्यांत एकमेकांचं पाणी चालत नाही हेही. आम्ही एका वाड्याचे, ती दुसऱ्या. प्रभूपाशी आल्यावर हे सुटलं असं आपण म्हणतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी आपलं प्रीतिभोजन असतं, सगळ्या घरच्या भाकऱ्या एका टोपलीत पडतात आणि कुणाची कुणाच्या पानात गेली ते कळत नाही. बाहेरचे पाहुणे आले की पाळकसाहेब टोपलीच दाखवतात. पाहुण्यांचे डोळे भरून येतात. माझेही यायचे.

पण माझी भाकरी मला कळायची. थापताना काठाला अंगठ्याच्या नखानं एक चिमटा काढायचा, बस. सुशीला लहान होती, तिला शिकवून ठेवलं होतं की चिमट्याची उचल. सरू यायच्या आधी मी असं कधी केलं नव्हतं. ती आली त्या महिन्यापासून सुरू केलं. कुणाला वाईट बोलले नाही. उलट दारात तिला पहिला सलाम मीच करायची. हात जोडून "या, सरूबाई" म्हणायची आणि घरी जाऊन पीठ मळताना नख लावायची. दोन वर्षांनी ते जतला गेले. मला वाटत राहिलं, तिला कळलं नसेल. आणि गाडीत ट्रंकेवर बसून वाटत होतं, कळलं असेल तर? तिच्याच हातचं खाऊन माझी लेक उभी राहिली होती. तिच्यापुढं जाऊन बोलायचं की गप्प बसायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मिरजेला उतरल्यावर भडंग घ्या, जतपर्यंत पुरतं. जतची मोटार कोळशाच्या गॅसवर चालते, अजून पेट्रोल कुठं सुटलंय. पाठीमागं ही एवढी भट्टी. एक मिशीवाला गडी पंखा फिरवून ती पेटवत होता. मी विचारलं, "दादा, कवा सुटंल?" तर म्हणाला, "आवं आजी, तिचा आधी चा हुंदे, मग आंघुळ, मग निघंल." चढ आला की सगळे पुरुष उतरायचे. मी पण उतरले. पुढं झाडं कमी होत जातात, मग मेंढरंच मेंढरं, आणि जमीन अशी की पाऊस नावाचा पाहुणा तिला तोंडओळखीचा असावा. पाण्याचा तांब्या बरोबर ठेवा. संध्याकाळी पोचलो तेव्हा माझ्या केसांत कोळसा आणि लुगड्यावर धूळ.

नात गोरी नाही, सावळी आहे, आणि नाक माझं आहे. जावई म्हणाले, नाक अजून ठरायचंय. त्यांना काय कळतंय.

सरू घरी नव्हती, कुणाच्या तरी बाळंतपणाला शेजारच्या गावी गेली होती. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

रविवारी बाप्तिस्मा झाला. तिथलं प्रार्थनेचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली, आपल्या देवळाच्या निम्मीपण नाही. दारात एक म्हातारी "बर्री, कुंद्री" म्हणत माझा हात धरून आत घेऊन गेली आणि घोंगडीवर बसवलं. कानडी मला कळत नाही, पण ये बस म्हणतेय हे हातावरून कळतं. नातीवर पाणी पडलं तशी ती हसली. मी शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं, बघा हसली. ती म्हणाली, "वारा झाला आसंल पोटात." असू दे. मला हसलीच दिसली.

उपासनेनंतर प्रीतिभोजन. हुलग्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. टोपली आपल्यासारखीच मधे ठेवली. बायका एकेक येऊन भाकऱ्या काढत होत्या, पण टोपलीत टाकण्याआधी प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करत होत्या. चतकोर चतकोर. मग एकीनं दोन्ही हात घालून सगळं खालवर केलं. मी विचारलं, "मोडता कशाला गं? आख्खी नीट वाढता येती की."

"आमची पद्धतच हाय, आजी. सरूमावशीनं लावली. तिचं म्हननं, आख्खी भाकर आपल्या मालकिनीला ओळखती."

माझ्या पानात चतकोर पडला. मी तो आमटीत नुसता कुस्करत राहिले.

सरू दुपारी आली. केस पिकलेत, चाल तीच. मला बघून "आक्का" म्हणाली आणि आधी नातीची शेक-शेगडी विचारली. मग दोघी पिंपळाच्या पारावर बसलो. मी म्हटलं, "सरू, ती मोडायची पद्धत..."

"व्हय."

"तुला ठावं होतं?"

"एकदा तुमची भाकर माझ्या हाताला आली. सुशी रडाय लागली, आईची भाकर म्हनून. मी परत टोपल्यात ठिवली, म्हटलं घे बाळ. तुमी तिला घिऊ दिली न्हाई. माझा हात लागला हुता न्हवं."

मला तो दिवस आठवत होता. सगळ्यांचं जेवण झालं तरी टोपलीत ती एकच भाकरी उरली होती. मी ती घरी जाताना कुणाच्या तरी गाईपुढं टाकली. सुशीला त्या दिवशी नुसत्या आमटीवर जेवली.

मी हात जोडले. म्हटलं, चुकले, माफ कर. रडले पण. तिनं माझे हात धरून खाली केले.

"माफ कवाच केलं, आक्का. त्याबिगर हितं कुनाला जेवू घालता आलं नसतं." मग म्हणाली, "आमी त्यापायी गाव सोडलं न्हाई, पोटामागं आलो. पर जाताना मागं वळून बघावं वाटलं न्हाई, तेवढंच."

तिनं रागानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, एकदा उंब्रजला ये, माझ्याकडं ऱ्हा, मंडळी बघ. तिनं पदर झटकला आणि उठली. "बघू की." आपल्याकडं बघू म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

दहा दिवस राहिले. सरू रोज नातीला न्हाऊ घालायला यायची, माझ्याशी हसून बोलायची. मीच चोरटी झाले होते. निघताना तिनं वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या, आख्ख्या. मिरजेच्या फलाटावर सोडून बघितलं, एकीलाही काठाला खूण नव्हती. मी बघितलं, हेही लिहून ठेवते. मग सगळ्या खाल्ल्या.

तर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा: तांब्या, भडंग, अंगावर जुनं लुगडं, आणि जतच्या बायकांना गूळ न्या, तिकडं चांगला मिळत नाही. राहायला सुशीला आहेच. दारात ती म्हातारी तुमचा हात धरील. धरू द्या. आपण हात जोडतो, ते धरतात, हा फरक मला तिथं कळला.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मी माझ्या पाचही भाकऱ्या मोडून टोपलीत टाकल्या. तुमच्यातल्याच एकीनं विचारलं, "काकी, वाटंत मोडल्या व्हय?" आणि मी व्हय म्हणाले. इतकं करून आल्यावर पुन्हा खोटं. म्हणून तोंडातून जे निघालं नाही ते या वहीत लिहिलं.

पुढच्या पहिल्या रविवारी टोपलीत चतकोर दिसले की ते माझे समजा. आजवर माझी भाकरी मला एकटीला ओळखू यायची, आता तुम्हा सगळ्यांना येईल. ज्या रविवारी ती कुणालाच ओळखू येणार नाही, त्या दिवशी मी सरूला ये म्हणून कार्ड घालीन.