थोरल्या माणसासाठी सूचना

सख्ख्या भावाशी तोंडानं बोलायचं नाही म्हणून ज्यानं रेडिओ केंद्र काढलं, असा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सास्तूरचं जुनं गाव भूकंपात पडलं, तोवर मामा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, भिंतीला भिंत लावून राहत होते. नव्या गावात घरं वाटताना दादांनी मामांना न विचारता पार दुसऱ्या टोकाचं घर पसंत केलं. एवढंच कारण. त्यावरून धरलेला अबोला तीस वर्षं टिकला. बायकांनी मात्र तो पाळला नाही. जावाजावांचं येणंजाणं रोजचं होतं.

मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मोबाइल आले, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यांनी भंगारातून प्रक्षेपणाचं यंत्र जोडलं आणि बांबूला तांब्याची तार बांधून तो छतावर उभा केला. आवाज वेशीपर्यंत जायचा, त्यापुढं खरखर. नोकरीमुळं मी त्याच गावात राहत होतो, त्यामुळं सुटका नव्हती. रोज सकाळी सातला खाकरून ते म्हणायचे, "नमस्कार, म्या बोलतोय." नाव कशाला सांगायचं? मग कुणाची शेळी चुकली, कुणाकडं साखरपुडा, कुठं पाणी येणार. तेही जुन्या गावाच्या हिशेबानं, "खालच्या आळीला आठ वाजता." ती आळी ढिगाऱ्यात गेली होती, पण बाया बरोबर नळाला घागरी लावायच्या.

शेवटी ठरलेली सूचना. "गावातल्या एका थोरल्या माणसानं काल बीपीची गोळी घेतली न्हाय, असं कळतंय. घ्यावी. गार पाण्यानं अंघोळ करू नये. संपलं." बातमी जावांकडून आलेली असायची. तिकडं दादा "मोठा शहाणा लागून गेला!" म्हणत सेट बंद करायचे आणि गोळी घ्यायचे.

मी एकदा म्हणालो, "मामा, याला सरकारी परवाना लागतो." ते भडकलेच. "आपल्या गावात बोलायला परवाना? मग पारावर बसणाऱ्यांचे आधी काढा की!"

गावात परकं माणूस दिसलं की रेडिओवर सांगायचं, हा मामांचा नेम. पाहुण्याला घर शोधत फिरायला लागू नये म्हणून. एका सकाळी मामींनी खिडकीतून पाहून सांगितलं आणि मामा बोलले, "पांढऱ्या जीपमधनं तीन पाव्हणे आल्यात. टपावर काठ्या लावल्यात. कुणाचे हायती त्यांनी न्यावं. चुकले असतील तर निळ्या दाराच्या घरी या, छतावर बांबू हाय. चहा टाकलाय." ते सरकारी साहेब टपावरच्या एरियलनं याच बिनपरवाना केंद्राचा माग काढत आले होते आणि जीपमध्ये हेच ऐकत होते. आले, चहा प्याले, पंचनामा केला, वयाकडं बघून समज दिली आणि यंत्र घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सातला मामा खाकरले, पण समोर यंत्र नव्हतं. चहा तसाच निवला. "आता गोळीचं कोण सांगणार?" मी म्हणालो, "जाऊन सांगा." "तुमी जावई हाय, जावयासारखं ऱ्हावा!" ते खेकसले. पण डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी काठी टेकत, अख्खं गाव ओलांडून दादा आले. बगलेत त्यांचा सेट. दारातूनच म्हणाले, "ह्यो सकाळचा बोलंना झालाय. बघ जरा." जीप यंत्र नेताना दादांनी स्वतः पाहिली होती.

मामांनी सेट घेतला, स्क्रू काढले, धूळ फुंकली, धडधाकट तार उगीच पुन्हा जोडली. मग वर न बघता विचारलं, "दादा, गोळी घेतली का?"

"न्हाय. कुणी सांगितलंच न्हाय."

मामी आत पाणी आणायला गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मामा म्हणाले, "दुरुस्तीला टाइम लागंल. रोज येऊन बघून जावा."

त्या सेटला काही झालेलं नाही. तो अजून दुरुस्त होतोय आणि दादा रोज सातला चौकशीला येतात. तीस वर्षं या दोघांनी वाया घालवली, याचा मला राग येतो. दादांना आता ते गाव ओलांडताना दोनदा बसावं लागतं.