काचेला तडा कुणी पाडला

चाळीस वर्षं काका खिडक्यांना काचा बसवत आले. काच कापणं, घासणं, चौकटीत बसवणं हेच त्यांचं आयुष्य, म्हणून सगळे त्यांना काचवाले काकाच म्हणत. काम सुटलं, तरी जीभ कामावरच होती. सुनेनं इंडक्शनची शेगडी आणली आणि स्वयंपाकाच्या मावशींच्या मागे काकांचा भुंगा लागला.

"भांडं ओढू नका मावशी, उचला. बूड पुसून ठेवा. आणि वरच्या फळीवर जड काही नको."

"हो काका," मावशी हसून म्हणायच्या आणि ऐकायच्याही.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. औषधाची गोळी कुटायला काकांनी वरच्या फळीवरून खलबत्ता काढला. तो तिथे त्यांनीच ठेवलेला. हातातून बत्ता निसटला तो थेट शेगडीवर. टक्कन आवाज झाला. काकांनी बत्ता उचलून जागेवर ठेवला, काचेवर फडकं पसरलं आणि मुकाट्यानं जाऊन पडून राहिले.

संध्याकाळी मावशींनी फडकं उचललं आणि किंचाळल्याच. मुलगा धावत आला.

"बाबा, तुम्हीच बघा. काचेतलं तुम्हाला कळतं."

काकांनी चष्मा लावला. मसुरीएवढा ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या रेघा. घाव बसलाय हे शिकाऊ पोरानंही सांगितलं असतं. काका म्हणाले, "सकाळी तापलेल्या काचेवर गार ओलं फडकं फिरलं असणार. मग अशीच तडकते."

मावशींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग फडक्याची घडी करून ओट्यावर ठेवली. सून म्हणाली, "उद्यापासून यायचं राहू द्या, मावशी."

तीन दिवस काका स्वयंपाकघरात फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी सून कामावर निघाली, तेव्हा दारातच त्यांनी सांगून टाकलं. तिनं हातातली चप्पल खाली ठेवली.

"मला काय सांगताय बाबा? त्यांना जाऊन सांगा."

मावशींची खोली दोन गल्ल्या पलीकडे. त्या भाजी निवडत बसल्या होत्या. काकांनी उभ्याउभ्याच सांगितलं आणि मान खाली घातली.

"मला ठाऊक होतं," मावशी म्हणाल्या. "बत्त्याच्या टोकाला काचेचा चुरा लागलेला होता. मी पुसून टाकला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या मुलासमोर, सुनेसमोर? या वयात तुम्हाला खोटं पाडू?"

काकांना वाटलं, यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या.

सुनेनं स्वतः जाऊन माफी मागितली, तेव्हा सोमवारपासून मावशी यायला लागल्या. नवी काच बसली. पहिल्यासारख्याच त्या "काका, चहा घेणार का?" असं विचारतात. काका हो म्हणतात, पण कप घ्यायला हात पुढे करताना त्यांची नजर मात्र फरशीवरच असते.